बुडालेला तास कोण भरून देणार?

दहावीच्या गणिताच्या पुस्तकात पहिलेच प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचे आहे, आणि त्यात क्रेमरची पद्धत येते. शिक्षक आधी दोन्ही समीकरणे फळ्यावर सामान्य रूपात मांडून घेतात, सहगुणक एकाखाली एक लावतात आणि पहिला निश्चयक काढतात. मग एक्सच्या सहगुणकांच्या जागी उजवीकडच्या संख्या येतात आणि दुसरा निश्चयक तयार होतो. त्यानंतर वायच्या जागी त्याच संख्या घालून तिसरा. हे सगळे दहा-बारा मिनिटांत उरकते. ‘आता एक्सचा स्तंभ काढून तिथे स्थिर पदे लिहा’ हे एक वाक्य ज्याच्या कानावरून गेले, त्याला पुढचा फळा दिसतो पण कळत नाही. तो सगळे उतरवून घेतो, वही नीटनेटकी भरते आणि घरी पुढचे उदाहरण सोडवायला बसला की पहिल्याच पायरीवर अडतो. हे वाक्य निसटायला फार मोठे काही घडावे लागत नाही. खिशातला फोन एकदा थरथरला, कोणाचा मेसेज असेल हा प्रश्न मनात आला किंवा शेजारच्याने बाकाखाली रील लावली आणि मान तिकडे वळली, इतके पुरते.

प्रश्न आहे तो निसटलेले वाक्य परत कुठे भेटणार याचा. ज्याला संध्याकाळी क्लास आहे, त्याला तेच उदाहरण दुसऱ्यांदा दिसते. ज्याच्या घरी पदवीधर आई किंवा दहावी पार केलेली ताई आहे, त्याला ते स्वयंपाकघरात, जेवणाच्या ताटावर पुन्हा समजावले जाते. पण आई-वडील ऊसतोडीला, बांधकामावर किंवा दुसऱ्यांच्या घरी धुण्याभांड्याला जातात आणि घरात दहावीपर्यंत पोचलेले तेच पहिले मूल आहे, अशांसाठी शाळेतला तो तास हा पहिला आणि शेवटचा. महापालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या आणि गावोगावच्या अनुदानित शाळांत अशीच मुले मोठ्या संख्येने शिकतात. शाळेच्या वेळेत विद्यार्थ्याचा फोन त्याच्यापासून दूर ठेवावा, असे मी म्हणते ते या मुलांसाठी. आणि ही जबाबदारी मुलाच्या मनोनिग्रहावर न सोडता शाळेने स्वतःच्या अंगावर घ्यावी, असेही माझे म्हणणे आहे.

आपल्याकडे हा विषय निघाला की चर्चा लगेच संस्कारांकडे वळते. मुले बिघडली, वाचत नाहीत, मोठ्यांचे ऐकत नाहीत, सगळ्याचे खापर मोबाइलवर. या बोलण्यात काळजी खरी असेलही, पण त्यातून नियम बनवायला गेले की तो शिक्षेचा नियम होतो. मुलांना त्यात स्वतःवरचा अविश्वास दिसतो आणि तो चुकवण्यात त्यांना पुरुषार्थ वाटू लागतो. शिवाय ‘मोबाइल वाईट’ असे घरात जे सांगतात, त्यांच्याच हातात जेवताना मोबाइल असतो, हे मुलांना दिसतच असते. म्हणून संस्कारांचा मुद्दा बाजूला ठेवून एवढेच पाहावे की शाळेच्या वेळेत फोन दूर ठेवला तर शिकण्यात फरक पडतो का, आणि पडत असेल तर कोणाच्या. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालाच्या वेळी शाळेत स्मार्टफोनवर बंदी घालणारे देश चारांत एकाहून कमी होते. २०२४ संपेपर्यंत अशा शिक्षणव्यवस्था ७९ झाल्या, म्हणजे जवळपास ४० टक्के. फ्रान्सने २०१८ मध्ये कायदा केला, नेदरलँड्स आणि न्यूझीलंडने २०२४ मध्ये नियम लागू केले, ब्राझीलने जानेवारी २०२५ मध्ये. इतके देश एका दिशेने जात आहेत म्हणून आपणही जावे, हे काही कारण होत नाही. पण त्यांच्या अनुभवातून बरीच माहिती हाती आली आहे.

त्यातला सर्वाधिक चर्चेतला अभ्यास २०१५ सालचा. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून प्रसिद्ध झालेल्या या शोधनिबंधात दोन अर्थतज्ज्ञांनी बर्मिंगहॅम, लंडन, लेस्टर आणि मँचेस्टर या चार शहरांतल्या ९१ शाळा आणि सुमारे १ लाख ३० हजार विद्यार्थ्यांची माहिती तपासली. शाळांनी फोनबंदी वेगवेगळ्या वर्षी केली होती, त्यामुळे बंदीच्या आधीचे आणि नंतरचे निकाल ताडून पाहता आले. सरासरी सुधारणा बेताचीच होती, शाळा वर्षाला पाच दिवस जास्त भरावी एवढी. खरी गोष्ट मात्र सरासरीच्या आत दडलेली होती. वर्गात जे सर्वांत मागे होते त्यांच्यातली सुधारणा या सरासरीच्या दुपटीहून अधिक होती, आणि जे पुढे होते त्यांच्यात काहीच फरक पडला नव्हता. नॉर्वेतल्या माध्यमिक शाळांवर २०२४ मध्ये आलेला अभ्यास काहीसे तेच सांगतो. तिथे फोनबंदीनंतर शाळेतली छळवणूक घटली, मानसिक त्रासासाठी तज्ज्ञांकडे जाणाऱ्या मुलींचे प्रमाण कमी झाले आणि मुलींचे गुण सुधारले, तेही विशेषतः गरीब घरांतल्या मुलींचे. आपल्या देशातलाही पुरावा आता आहे. २०२५ मध्ये समोर आलेल्या एका प्रयोगात भारतातल्या १० उच्च शिक्षणसंस्थांमधल्या जवळपास १७ हजार विद्यार्थ्यांपैकी काहींचे फोन तासाआधी जमा करून घेतले गेले, काहींचे नाही, आणि कोणाचे घ्यायचे हे चिठ्ठी टाकल्यासारखे योगायोगाने ठरवले होते. फोन जमा करणाऱ्यांचे गुण थोडे वाढले. जास्त वाढले ते अभ्यासात मागे असलेल्यांचे आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे. हा प्रयोग महाविद्यालयीन मुलांवरचा आहे, तो शाळेला जसाच्या तसा लावता येणार नाही. तरीही इंग्लंडची शाळा, नॉर्वेची शाळा आणि भारतातले महाविद्यालय अशा तीन अगदी निराळ्या ठिकाणी लाभाचा मोठा वाटा ज्यांच्याकडे दुसरा आधार नाही त्यांच्याच पदरात पडावा, हा मला केवळ योगायोग वाटत नाही.

‘ज्याला शिकायचे आहे तो शिकेल, ज्याला फोन बघायचा आहे तो बघेल’ असे म्हणणारे भेटतात. वर्गात ते लागू पडत नाही, कारण बाक दोघांचा असतो. पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या २०२२ च्या फेरीत विद्यार्थ्यांना विचारले होते की गणिताच्या तासाला इतरांच्या मोबाइल, टॅबमुळे तुमचे लक्ष उडते का. सहभागी विकसित देशांत सरासरी ५९ टक्के मुलांनी निदान काही तासांना तरी उडते असे सांगितले, आणि ज्यांचे असे उडत होते त्यांचे गुण बाकीच्यांपेक्षा सुमारे १५ ने कमी होते. भारत या फेरीत नव्हता. पण आपल्या बाकावर शेजाऱ्याचे कोपर आपल्याला लागते इतके अंतर असते. एका वर्गात साठ मुले बसतात तिथे एकाच्या पडद्यावरची हालचाल चार जणांच्या डोळ्यांत जाते. माझ्या लक्ष देण्याच्या हक्कावर शेजाऱ्याच्या फोनने गदा येत असेल, तर तो प्रश्न शेजाऱ्याच्या स्वातंत्र्यापुरता राहत नाही. आणि म्हणूनच ‘फोन आणा पण सायलेंट ठेवा’ हा सर्वांना सोयीचा वाटणारा मधला मार्ग पुरत नाही. नॉर्वेतही सायलेंटवर भागवणाऱ्या शाळांपेक्षा फोन दूर ठेवायला लावणाऱ्या शाळांत परिणाम जास्त दिसला. सायलेंट फोनचा आवाज बंद होतो, पण तो खिशात आहे ही जाणीव बंद होत नाही.

याच्या उलट निष्कर्षही आहेत आणि ते झाकून ठेवणे बरोबर नाही. इंग्लंडच्या अभ्यासाचीच पद्धत वापरून स्वीडनमध्ये २०२० साली केलेल्या पाहणीत गुणांवर काहीही परिणाम आढळला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये लॅन्सेट समूहाच्या एका नियतकालिकात बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी ३० शाळांतल्या १,२२७ मुलांची पाहणी मांडली. फोनवर कडक निर्बंध असलेल्या शाळांतल्या मुलांचे मानसिक स्वास्थ्य इतर शाळांतल्या मुलांपेक्षा चांगले नव्हते. अनेकांनी ही बातमी ‘शाळेतली फोनबंदी निष्फळ’ अशी वाचली. पण तोच अभ्यास आणखी एक गोष्ट सांगतो. या शाळांतली मुले शाळेच्या वेळेत फोन कमी वापरत होती, मात्र दिवसाचा एकूण वापर फारसा घटला नव्हता, आणि ज्यांचा एकूण वापर जास्त होता त्यांची झोप, मनःस्थिती, वर्गातले वागणे हे सगळे अधिक खालावलेले होते. म्हणजे शाळेतल्या सहा तासांच्या नियमाकडून रात्री बारापर्यंत चालणाऱ्या फोनचे परिणाम धुऊन निघतील अशी अपेक्षा केली, तर ती पुरी होत नाही. मी ती अपेक्षा करतच नाही. मुलांची झोप, एकटेपणा, इन्स्टाग्रामवरची तुलना हे घराचे, कंपन्यांचे आणि कायद्याचे प्रश्न आहेत आणि ते शाळेच्या दाराशी टाकून मोकळे होता येणार नाही. शाळेच्या हातात तास आहे. स्वीडनचा निष्कर्ष मात्र मला जास्त विचारात घ्यावासा वाटतो. सर्व शाळांत वर्गसंख्या मर्यादित, मागे पडलेल्यांसाठी वेगळी मदत, घरचे शिक्षण बऱ्यापैकी सारखे, अशा समाजात बुडालेले वाक्य परत मिळण्याच्या वाटा अनेक असतात, आणि तिथे फोनमुळे होणारे नुकसान गुणांत दिसेनासे होत असावे असा माझा तर्क आहे. तो खरा असेल, तर आपल्याकडे ते नुकसान अधिक दिसेल, कमी नाही.

‘सरकारी शाळेतल्या गरीब मुलांकडे फोन कुठून येणार, हा इंग्रजी शाळांचा प्रश्न आहे’ असे अजूनही ऐकू येते. ग्रामीण भारताची ‘असर’ पाहणी हे चित्र केव्हाच जुने झाल्याचे दाखवते. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते, कोरोनातल्या ऑनलाइन शाळेनंतर २०२१ मध्ये ते ६७.६ टक्क्यांवर गेले. जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘असर २०२४’ मध्ये १४ ते १६ वयाच्या ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरल्याचे ५७ टक्क्यांनी सांगितले, समाजमाध्यमांसाठी वापरल्याचे ७६ टक्क्यांनी. ज्यांना वापरता येतो त्यांच्यातल्या चौदा वर्षांच्या साधारण २७ टक्के आणि सोळा वर्षांच्या जवळपास ३८ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता. नववीत येणाऱ्या मुलाला कर्ज काढून, हप्त्यावर फोन घेऊन देणारे पालक त्याच्या अभ्यासासाठीच तो घेतात. कोरोनाच्या दोन वर्षांत शाळेनेच त्यांना तसे सांगितले होते, हे आपण विसरू नये.

इथे मला ज्या आक्षेपाबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो, तो येतो. महाराष्ट्राच्या जिल्हा परिषद शाळांनी मोबाइलचा जो उपयोग करून दाखवला तसा देशात थोड्या ठिकाणी झाला असेल. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, त्यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि आज बालभारतीच्या पुस्तकांत ते कोड छापलेले असतात. वाडीवस्तीवरचे शिक्षक स्वतःच्या पगारातून टॅब आणि प्रोजेक्टर घेऊन मुलांना ज्वालामुखी दाखवतात, दुसऱ्या देशातल्या वर्गाशी बोलायला लावतात. मग फोन दूर ठेवण्याचा नियम या सगळ्यावर पाणी सोडणारा नाही का? मला तसे वाटत नाही, कारण या प्रत्येक उदाहरणात यंत्र शिक्षकाच्या हातात आहे. कोणता कोड, कधी, किती मिनिटे आणि त्यानंतर कोणता प्रश्न विचारायचा, हे त्याने ठरवले आहे. चाळीस मुले एका पडद्याकडे बघत असतात आणि तो पडदा त्यांच्याशी एकच गोष्ट बोलत असतो. चाळीस खिशांतल्या चाळीस फोनवर चाळीस वेगळ्या गोष्टी चालतात आणि त्यातली एकही शिक्षकाने निवडलेली नसते. त्यामुळे नियमाचे शब्द नेमके हवेत. शाळेचे टॅब, संगणक कक्ष, शिक्षकाने नियोजन करून मागवलेला एखाद्या दिवसाचा फोन, दिव्यांग किंवा मधुमेही विद्यार्थ्याला लागणारे उपकरण यांना त्यात स्पष्ट जागा हवी. बंद व्हायला हवा तो विद्यार्थ्याच्या खिशातला खासगी फोन, पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत, मधल्या सुट्टीसकट.

मधली सुट्टी कशाला, असे विचारले जाते. कारण मधल्या सुट्टीत सुरू झालेले भांडण, अर्धवट राहिलेला गेम, ग्रुपवर पडलेला कोणाचातरी फोटो पाचव्या तासात येऊन बसतो. आणि मैदानावर कबड्डी, लंगडी खेळणारी मुले फोन असेल तर भिंतीला टेकून बसतात.

पालकांचा आक्षेप सुरक्षेचा असतो, विशेषतः मुलींच्या पालकांचा, आणि त्यांची भीती खोटी नाही. पंधरा किलोमीटरवरून एसटीच्या पासवर येणारी मुलगी, संध्याकाळची पाचची गाडी चुकली तर सातपर्यंत फाट्यावर उभी राहते. तिच्याजवळ फोन हवाच. दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात जी तत्त्वे घालून दिली, त्यांत हा तोल चांगला साधलेला आहे. फोन शाळेत आणायलाच सरसकट बंदी घालणे योग्य नाही आणि शक्यही नाही, असे न्यायालयाने म्हटले. शक्य असेल तिथे तो आल्यावर जमा करून जाताना परत द्यावा, वर्गात तो वापरू देऊ नये आणि त्यातून चित्रीकरण होऊ देऊ नये, असेही सांगितले. म्हणजे येतानाच्या आणि जातानाच्या रस्त्यावर फोन तिच्याजवळ असेल. मधल्या वेळेत निरोप असेल तर तो कार्यालयातल्या फोनवर यावा, आणि तो क्रमांक प्रत्येक घरी लिहून दिलेला असावा व कोणीतरी उचलणारा असावा. यातली शेवटची अट फार महत्त्वाची आहे. अनेक शाळांत शिपाई नाही, लिपिक नाही, मुख्याध्यापक बैठकीला तालुक्याला गेलेले असतात. निरोप पोचेल याची खात्री नसेल तर आई मुलीच्या दप्तरात फोन लपवून देईल, आणि मी तिला दोष देणार नाही.

मुलींबाबत आणखी एक धोका आहे, ज्याचा नियम करणारे क्वचितच विचार करतात. ‘असर’च्या त्याच पाहणीत स्वतःचा फोन असणारे मुलगे ३६ टक्के होते आणि मुली जेमतेम २७ टक्के. मुलीच्या हाती फोन येणे हीच अनेक घरांत संशयाची गोष्ट आहे. मुलाचा फोन पकडला गेला तर घरी ओरडा बसतो. मुलीचा पकडला गेला, पालकांना बोलावले आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत चार लोकांसमोर तो उघडून दाखवला, तर तिची शाळा सुटू शकते, लग्नाची घाई होऊ शकते. म्हणून नियमात एक ओळ ठळक हवी, की जमा केलेला किंवा सापडलेला फोन शाळेतले कोणीही उघडून पाहणार नाही, आणि तो मुलाचा असो वा मुलीचा, त्याच दिवशी शाळा सुटताना परत मिळेल. हे नसेल तर गरीब मुलींच्या भल्यासाठी केलेला नियम त्यांच्याच मुळावर उठेल.

शिक्षेबद्दल अमेरिकेतल्या फ्लोरिडाचा अनुभव डोळ्यांसमोर ठेवण्यासारखा आहे. शाळेतल्या फोनवर कायद्याने निर्बंध आणणारे ते तिथले पहिले राज्य, २०२३ मध्ये. तिथल्या एका मोठ्या शालेय जिल्ह्याच्या अभ्यासात आढळले की पहिल्या वर्षी शाळेतून तात्पुरते काढून टाकण्याच्या शिक्षा वाढल्या आणि त्याचा सर्वाधिक फटका कृष्णवर्णीय मुलांना बसला. दुसऱ्या वर्षी शिक्षा पूर्वपदावर आल्या, गुण सुधारले आणि न सांगता दांडी मारणे कमी झाले. पण पहिल्या वर्षी ज्यांचे दिवस बुडाले ते बुडालेच. फोन वापरला म्हणून मुलाला घरी पाठवणे म्हणजे ज्या तासासाठी नियम केला तोच तास त्याच्याकडून काढून घेणे. आपल्याकडे आठवण देण्यापलीकडे आणि त्या दिवसापुरता फोन ठेवून घेण्यापलीकडे शिक्षा असू नये. दंडाची पावती, परीक्षेला बसू न देणे, फोन फोडणे यांपैकी काहीही नको.

आता शिक्षकांच्या फोनकडे येते, कारण हा नियम टिकेल की कागदावर राहील हे माझ्या मते इथेच ठरणार आहे. पिसाच्याच माहितीनुसार बंदी असलेल्या शाळांतलीही २९ टक्के मुले दिवसात अनेकदा फोन वापरत होती. नियम लिहिला म्हणजे तो पाळला जातो असे नाही, आणि शिक्षक स्वतः हातात फोन घेऊन वर्गात उभे असतील तर मुळीच नाही. आंध्र प्रदेशने ऑगस्ट २०२३ मध्ये वर्गातल्या फोनवर बंदी घालताना शिक्षकांनाही त्यात धरले, राजस्थानने २०२४ मध्ये शिक्षकांसाठीच तशी घोषणा केली. पण आपल्याकडे शिक्षकाच्या हातात फोन का असतो, हे एकदा वर्गाच्या दारात उभे राहून पाहावे. सकाळी मुलांची हजेरी ऑनलाइन. दुपारी खिचडी शिजली की किती मुले जेवली याची ॲपवर नोंद. केंद्रप्रमुखांच्या ग्रुपवर ‘आजच माहिती पाठवा’ असा निरोप, सोबत तक्ता. वृक्षारोपणाचा फोटो, शपथेचा फोटो, दिनविशेषाचा फोटो, तोही ठरलेल्या वेळेत अपलोड करायचा. मतदार यादीचे काम आले तर त्याचे वेगळे ॲप. दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग एकत्र बसलेले असतात, एक शिक्षक नेटवर्क शोधत ओट्याच्या टोकाला जातो, आणि चारही वर्ग तोवर पाढे लिहीत बसतात. मुलांचे लक्ष इन्स्टाग्राम खाते, हे खरे. शिक्षकाचे लक्ष सरकार खाते, हेही तितकेच खरे. शिक्षण खात्याने विद्यार्थ्यांच्या फोनबद्दल परिपत्रक काढायचे असेल, तर त्यातच दुसरे कलम असायला हवे. शाळेच्या वेळेत कोणत्याही कार्यालयाने शिक्षकाकडे फोनवरून माहिती मागू नये, आणि दिवसभराची जी नोंद अटळ आहे ती शाळा सुटल्यावर एकदाच घ्यावी. हे कलम नसलेले परिपत्रक मुलांना फसवे वाटेल.

तसेच घरच्या अभ्यासाचे. कोरोनात सोय म्हणून सुरू झालेली पद्धत अजून चालू आहे. अभ्यास वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा, मुलाने वहीचा फोटो काढून पाठवायचा. मग अभ्यास बघायला म्हणून फोन हाती येतो आणि तासाभराने तो परत ठेवला जातो. ज्या घरात एकच फोन आहे आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो, त्या घरातल्या मुलाला रात्री नऊपर्यंत अभ्यास काय आहे हेच कळत नाही. अभ्यास फळ्याच्या कोपऱ्यात लिहावा, मुलांनी तो वहीत लिहून घ्यावा. याला ना खर्च, ना प्रशिक्षण.

नियमाने मुलांना आत्मसंयम शिकता येणार नाही, असे काही शिक्षणतज्ज्ञ म्हणतात. फोन जवळ ठेवून तो न बघण्याचा सराव व्हायला हवा, असे त्यांचे म्हणणे. मात्र ज्या ॲपची रचनाच माणसाने ते बंद करू नये अशी केलेली आहे, त्याच्याशी झुंजण्याचा सराव चौदाव्या वर्षी, तोही क्रेमरची पद्धत शिकता शिकता करावा, ही अपेक्षा आपण मोठ्यांकडूनही करत नाही. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून जे केले ते या दृष्टीने फार शहाणपणाचे आहे. संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो, दीड तास घराघरातले टीव्ही आणि मोबाइल बंद होतात आणि मुले अभ्यासाला बसतात. त्या गावाने मुलांना संयम ठेवा असे सांगून सोडून दिले नाही. संयमाची वेळ सर्वांनी मिळून ठरवली आणि मोठेही त्यात आले, त्यामुळे एकट्या मुलाला आपलेच काहीतरी चुकते आहे असे वाटायला जागा राहिली नाही. भारतातल्या त्या महाविद्यालयीन प्रयोगातही फोन जमा केलेल्या विद्यार्थ्यांचा अशा निर्बंधांना पाठिंबा नंतर वाढलाच होता. आपल्या आजूबाजूला कोणीच फोन बघत नाही, मेसेजला लगेच उत्तर दिले नाही म्हणून कोणी रागावणार नाही, यात एक मोकळीक असते.

आणि हे सगळे करायला लागते ते फार थोडे. प्रत्येक वर्गासाठी क्रमांक घातलेल्या खिशांचा एक कापडी फलक, जसा चपला-बूट ठेवायला घराच्या दारामागे टांगतात तसा. पहिल्या तासाआधी फोन बंद करून त्यात ठेवायचे आणि फलक कुलपाच्या कपाटात. किल्ली वर्गशिक्षकाकडे, दुसरी कार्यालयात. फोन हरवला किंवा फुटला तर भरपाई कोण देणार हे आधीच लिहून ठेवायचे, नाहीतर पहिल्याच तक्रारीला शिक्षक ही जबाबदारी झटकतील आणि त्यात त्यांची चूक नसेल. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे शिक्षण हक्क कायदा सांगतोच. या नियमाचा मसुदा त्या समितीपुढे जावा, आठवी ते दहावीच्या मुलामुलींनाही तिथे बोलवावे, आणि एसटीने येणाऱ्या मुलीच्या आईने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यातच लिहिले जावे. जूनमध्ये शाळा उघडतात तेव्हा पहिल्या आठवड्यात पुस्तके वाटली जातात, गणवेशाची मापे घेतली जातात, वेळापत्रक फळ्यावर लागते. कपाटाच्या किल्लीचे आणि कार्यालयातला फोन कोण उचलणार याचे त्याच आठवड्यात ठरावे, म्हणजे क्रेमरची पद्धत फळ्यावर येईल तेव्हा वर्ग तयार असेल.